मणक्यावर खटला, ओझ्याला माफी

पाठदुखीवरची चर्चा आपल्याकडे आता दोन ठरावीक बाजूंनी लढवली जाते. एक बाजू उत्क्रांतीचा दाखला देते. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा आडवा कणा उभा झाला, तिथेच घोळ झाला. दोन पायांवर उभं राहण्याची किंमत म्हणून माणसाची कंबर दुखणारच. दुसरी बाजू जुन्या काळाचा दाखला देते. पणजोबा मांडी घालून जमिनीवर बसायचे, ताठ चालायचे, म्हातारपणीही शेतात राबायचे. मग खुर्ची आली, गाडी आली, मोबाइल आला आणि माणसाचा कणा बिघडला. पहिली बाजू सगळं खापर निसर्गावर फोडते, दुसरी ज्याची पाठ दुखते त्याच्याच डोक्यावर. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. माणसाला वारशाने मिळणारा कणा गेल्या काही शतकांत बदललेला नाही. पण तो जन्मतः पूर्ण घडलेलाही नसतो. प्रत्येकाचा कणा वाट्याला आलेल्या हालचालींनी आणि ओझ्याने घडत जातो आणि झिजत जातो. त्यामुळे शतकानुशतकं कणा कसा बदलला, हा प्रश्न मुळात कामाचा आहे: कोणी वाहायचं, किती वाहायचं, किती तास वाहायचं आणि हे कोणी ठरवायचं?

कणा घडतो म्हणजे काय, हे घरातल्या तान्ह्या बाळाकडे बघून कळतं. जन्माला येतं तेव्हा त्याची पाठ पोटाकडे वळलेल्या एकाच बाकाची असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं, पालथं पडून डोकं वर उचलतं, तेव्हा मानेतला पुढचा बाक पक्का होऊ लागतो. ते बसायला लागतं, धरून उभं राहतं, पहिलं पाऊल टाकतं, तेव्हा कमरेतला बाक घडू लागतो. माणसाच्या कण्याची जी ओळख आपण पाठ्यपुस्तकात नागमोडी रेघेने दाखवतो, ती अशी टप्प्याटप्प्याने, वापरातून तयार होते. आराखडा आनुवंशिक असतो, पण बांधकाम वर्षानुवर्षं चालतं. पौगंडावस्थेत मणक्यांची वाढ सुरू असतानाही ते चालू असतं. हे एकदा ध्यानात घेतलं की ‘कणा चांगला की वाईट’ हा वादच अपुरा वाटू लागतो.

उत्क्रांतीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. कमरेचे पाच मणके आणि त्यांच्या मधल्या चकत्या यांच्यावर धडाचं जवळजवळ सगळं वजन येतं. कमरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीला जाणारी बारीक तड हे खास माणसाचं दुखणं आहे. चिंपँझी किंवा गोरिलामध्ये ते दिसत नाही. उभं राहण्याशी त्याचा संबंध आहे यात शंका नाही. पण ‘निसर्गाची चूक’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. २००७ मध्ये कॅथरीन व्हिटकम, लिझा शापिरो आणि डॅनियल लीबरमन यांनी दाखवून दिलं की स्त्रीच्या कमरेचा बाक तीन मणक्यांवर पसरलेला असतो आणि पुरुषाचा दोनच मणक्यांवर. गरोदरपणी पोट पुढे येतं, शरीराचा तोल पुढे झुकतो. तो सावरण्यासाठी बाईला मागे रेलावं लागतं आणि त्या रेलण्याचा ताण एका जागी न साचता तीन मणक्यांत वाटला जातो. वीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकस या दोन पायांवर चालणाऱ्या मानवपूर्वजाच्या अवशेषांतही हा फरक त्यांना दिसला. म्हणजे उभ्या माणसाच्या कण्याने ओझ्याचा प्रश्न लाखो वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता आणि बऱ्याच अंशी सोडवला. आता विचारा: नऊ महिन्यांच्या पोटासाठी घडलेली ही रचना त्याच पोटासह डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढण्यासाठी घडली होती का? तिथे कंबर धरली तर तो निसर्गाचा दोष म्हणायचा?

एका म्हाताऱ्याच्या पाठीवरून अख्ख्या मानववंशाचा निकाल लावण्याची चूक विज्ञानाने पूर्वी केलेली आहे. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सें इथल्या गुहेत निअँडरथल या लुप्त झालेल्या मानवजातीतल्या एका म्हाताऱ्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सलँ बूल या नामवंत शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि वाकलेला, गुडघ्यात मोडलेला, मान पुढे काढून चालणारा अर्धवट माणूस जगापुढे उभा केला. पुढची कित्येक दशकं संग्रहालयांत आणि पुस्तकांत तेच चित्र राहिलं. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह यांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा त्या माणसाला पाठीचा आणि सांध्यांचा संधिवात होता हे त्यांनी ठामपणे मांडलं. २०१९ मध्ये त्याच्या कमरेची आणि माकडहाडाच्या वरच्या हाडाची नव्याने जुळणी झाली आणि बाक आपल्यासारखाच निघाला. बूल हुशार होता, त्याच्यासमोर खरी हाडं होती, तरीही निष्कर्ष चुकला. कारण ‘ते आपल्यापेक्षा खालचे’ हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं आणि हाडांत त्याला तेच दिसलं. आज ‘हल्लीची पिढी वाकली’ असं गृहीत धरून एक्स-रे बघणारे त्याच वाटेने जात आहेत.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत मजबूत पुरावाही निअँडरथलच्याच अभ्यासातून आला आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमरेच्या मणक्यांची उतरती घडण मोजली. म्हणजे मणका पुढच्या बाजूला किती जाड आणि मागच्या बाजूला किती बारीक, ते. औद्योगिकीकरणानंतरच्या माणसांचे मणके निअँडरथलपेक्षा वेगळे निघाले. पण औद्योगिकीकरणापूर्वीच्या आपल्यासारख्याच माणसांशी तुलना केली तर निअँडरथल वेगळे ठरत नव्हते. म्हणजे खरी रेघ दोन मानवजातींमध्ये नव्हती, ती गेल्या दोनशे-अडीचशे वर्षांत ओढली गेली होती. लहानपणापासून कमी हालचाल, खुर्च्या, बसण्याच्या सवयी यांमुळे कमरेचे स्नायू आणि बंध कमी पडत असावेत आणि त्यांची उणीव हाड भरून काढत असावं, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. हे वाचून खुर्चीविरोधी मंडळींना आनंद होणं साहजिक आहे. कणा बदलला, हे हाडांवरून सिद्ध झालं!

झालं खरं, पण काय सिद्ध झालं ते नीट बघू या. दोन-अडीच शतकं म्हणजे फार तर दहा-बारा पिढ्या. एवढ्या काळात सगळ्या समाजाचं बीज बदललं असं या अभ्यासाचे लेखकही म्हणत नाहीत. ते म्हणतात की वाढत्या वयातल्या जगण्याने हाडाचा आकार बदलला. कणा आयुष्यात घडतो याचा याहून चांगला पुरावा मी शोधूनही देऊ शकलो नसतो. दुसरं, हाडाचा आकार बदलला याचा अर्थ दुखणं वाढलं असा होत नाही. तो दुवा संशोधकांनी शक्यता म्हणूनच मांडला आहे. आणि तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. औद्योगिकीकरणात एकट्या खुर्चीचं आगमन झालं नाही. गिरणी आली, खाण आली, गोदी आली, घड्याळाच्या ठोक्यावरचं काम आलं, सात-आठ वर्षांची मुलं यंत्राशेजारी उभी राहिली. वाढत्या वयातल्या पाठीवर या सगळ्याचा परिणाम झाला असणार. त्या सगळ्यांतून नेमकी खुर्ची उचलून तिलाच आरोपी करण्याचं कारण काय? आपण सध्या खुर्चीत बसतो म्हणून?

उद्योगयुगापूर्वीच्या पाठी सुखी होत्या, ही समजूतही टिकत नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला ओट्झी सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरेचे मणके झिजलेले होते आणि त्याच्या अंगावरच्या ६१ गोंदणांपैकी अनेक कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागांच्या आसपास होती. ती उपचार म्हणून गोंदलेली असावीत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. त्याहून बोलका पुरावा ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेचा आहे. ती १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडाली, १९८२ मध्ये वर काढली गेली आणि तिच्याबरोबर खलाशांचे सांगाडेही सापडले. मध्ययुगातल्या नॉर्विच शहरातल्या सामान्य लोकांच्या हाडांशी ते ताडून पाहिल्यावर दिसलं की जहाजावरच्या तरुण पोरांचे मणके शहरातल्या वयस्क माणसांसारखे झिजले होते. जड तोफा ओढणं, दोर खेचणं, धनुष्याची ताकदीची ओढ. देश एकच. मोठा फरक होता तो कामाचा. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांनी चाळिशीची पाठ घेऊन समुद्राचा तळ गाठला. त्या जहाजावर ना खुर्च्यांची रांग होती, ना मोबाइल.

‘जमिनीवर बसा, पाठ वाचवा’ म्हणणारे एका भारतीय अभ्यासाचा आधार घेतात. १९६५ मध्ये कॅनडातले शल्यविशारद हॅरी फार्नी आणि त्यांचे सहकारी ट्रूमन यांनी मध्य भारतातल्या, उकिडवं बसणाऱ्या आदिवासींच्या पाठीचे एक्स-रे उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपातल्या लोकांच्या एक्स-रेंशी ताडून पाहिले. आदिवासींच्या चकत्या वयाबरोबर कमी झिजलेल्या दिसल्या. ही नोंद मोलाची आहे आणि मी ती नाकारत नाही. पण त्या लोकांच्या जगण्यातून फक्त बसण्याची पद्धत वेगळी काढता येत नाही. रानातलं चालणं, बदलतं काम, मध्येच घेतलेला विसावा, ज्याचं काम त्याच्याच हाती असलेला वेग, हे सगळं त्या एक्स-रेमध्ये आहे. आज नंदुरबार आणि डांगमधली आदिवासी कुटुंबं दर हंगामाला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला जातात. उकिडवं बसणं त्यांनी सोडलेलं नाही. कामाचा वेग मात्र आता त्यांच्या हाती उरलेला नाही. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक लोकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तेही दिवसाचे सुमारे दहा तास बसून किंवा विसावूनच असतात असं दिसलं. फक्त बराच वेळ उकिडवं, स्नायू थोडे जागे ठेवून. बसणं हे पाप असेल तर ते माणूस फार पूर्वीपासून करत आला आहे.

मोबाइलचं प्रकरण तर अधिकच उतावीळ. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक निबंध आला, कवटीच्या मागच्या हाडावरच्या वाढीबद्दलचा. वर्षभराने जगभरच्या बातम्यांत ‘मोबाइलमुळे तरुणांना शिंगं फुटताहेत’ असे मथळे झळकले. त्या अभ्यासात कोण किती मोबाइल वापरतो हे मोजलेलंच नव्हतं, आणि पुढे त्या निबंधात दुरुस्ती प्रसिद्ध झाली. मथळे मात्र आपल्या फोनवर अजून फिरतात. मान तासन्‌तास खाली घालून ठेवली तर ती अवघडते, यात वाद नाही. मान वळवावी, उठावं, चार पावलं टाकावीत. पण अवघडलेली मान आणि बदललेला मानवी कणा यांत फार अंतर आहे. अमेरिकेत १९१४ मध्ये ‘अमेरिकन पोश्चर लीग’ स्थापन झाली होती. शाळकरी मुलांच्या, महाविद्यालयीन तरुणांच्या पाठी मोजण्याची लाटच तेव्हा आली. नामांकित विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांचे पोक तपासायला विवस्त्र छायाचित्रं काढली जात, आणि हे पुढे कित्येक दशकं चाललं. तेव्हाही भाषा हीच होती: नवी पिढी ढिली पडली, कणा गेला. मोबाइल तेव्हा कुठे होता?

आता दुखणं मोजण्याच्या पद्धतीबद्दल. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत ती पहिली आहे. हा आकडा ऐकून ‘साथ आली’ असं वाटतं. पण लोकसंख्या वाढली आणि माणसं जास्त जगू लागली, हे वजा करून वयानुसार दर काढला तर १९९० पासून तो थोडा घटलेलाच आहे. दुसरीकडे यंत्रं आली. कंबरेत चमक भरली की आपण एमआरआय काढतो आणि अहवालात ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असं काहीतरी हमखास निघतं. २०१५ मध्ये अशा लोकांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले ज्यांना काहीही दुखत नव्हतं. त्यांच्यातल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकावेत तशी ही झीज आहे. तिचं चित्र हातात पडलं की धडधाकट माणूस स्वतःला पाठीचा रुग्ण समजू लागतो, वाकायला घाबरतो, पट्टा बांधून बसतो. हे नुकसानही खरं आहे, आणि ते मणक्याने केलेलं नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांतून वाचलेले प्रवासी बाहेरून धड दिसत, पण पाठ, झोप, चालणं सगळं बिघडलेलं असे. १८६६ मध्ये जॉन एरिक एरिक्सन या शल्यविशारदाने ही दुखापत कण्याच्या हादऱ्याची असल्याचं मांडलं, आणि ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव न्यायालयांत पोहोचलं. भरपाईचे दावे वाढले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेजने याला उत्तर दिलं: कण्याला काहीच झालेलं नाही, हा मनाला बसलेला धक्का आहे. हा पेज लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा सर्जन होता. वैद्यकीयदृष्ट्या त्याचं बरंचसं बरोबर होतं. मानसिक आघाताने शरीर खरोखर दुखतं, हे आज आपण जाणतो. पण त्या काळी त्याच्या युक्तिवादाचा उपयोग कंपनीची थैली वाचवायला झाला. दुखणं कुठे आहे यावर दोन्ही डॉक्टर भांडत राहिले, गाडी रुळावरून का घसरली हा प्रश्न बाजूलाच राहिला. आपल्या आजच्या वादाची गत वेगळी आहे का?

जसप्रीत बुमराहच्या पाठीकडे बघा. वर ज्या मणक्याच्या तडेचा उल्लेख केला, तशी ताणाची तड वेगवान गोलंदाजांच्या कमरेला जाते. २०१९ मध्ये त्याच्या कमरेचं ते दुखणं पुढे आलं, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कुठल्याही समालोचकाने ‘उत्क्रांतीची चूक’ म्हटलं नाही, ‘बसण्याची सवय सुधार’ असा सल्ला दिला नाही. सगळे षटकं मोजू लागले. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी तो खेळला आणि ‘वर्कलोड’ हा शब्द घरोघरी पोहोचला. हे अगदी योग्य झालं. मणक्यावर किती भार, किती वेळा आणि मध्ये किती विश्रांती, हाच तो प्रश्न. मग हमालाच्या पाठीची षटकं कोण मोजतं? तो दवाखान्यात आला की त्याला पट्टा, गोळ्या आणि ‘वजन उचलू नका’ एवढं लिहून मिळतं. वजन उचललं नाही तर त्या दिवशी चूल कशी पेटायची, हे चिठ्ठीवर नसतं.

कायद्याने या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल एवढं वजन उचलायला लावण्यास बंदी घातली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, जो देशात पहिला होता. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालाला माणूस म्हणून मोजायला लावलं. क्विंटलभराचं पोतं ५० किलोंवर आलं ते कुणाच्या सुंदर आसनामुळे आलं नाही, ते भांडून आलं. तरीही नवी मुंबईच्या बाजार समितीत ५० किलोंहून जड गोणी उचलणार नाही, ही माथाडींची साधी भूमिका पुन्हा पुन्हा वादाचं कारण ठरते. आणि ऊसतोडीचा फड हा कारखाना नव्हे, त्यामुळे ३४ वं कलम तिथवर पोहोचलं नाही. शाळकरी मुलाचं दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आपण केला. मुलांचं ओझं कमी व्हावंच. पण दप्तराने पाठदुखी होते याचा पक्का पुरावा नाही, असं २०१८ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. त्याच मुलाच्या आईच्या डोक्यावरच्या मोळीला मात्र टक्केवारी ठरवून दिलेली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बाहेरच्यांचा नाही, मजुरांचाच असतो, म्हणून त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पोतं निम्मं झालं की खेपा दुप्पट होतात. मोळी लहान बांधली की त्याच टनासाठी फळीवर जास्त वेळा चढावं लागतं. मजुरी टनावर असेल तर वजन कमी करणं म्हणजे त्याच पैशात जास्त राबणं. कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याने, उचल म्हणून आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते, ती फेडायची घाई असते. तिथे ‘पाठ सांभाळा’ हा उपदेश क्रूर ठरतो. म्हणूनच वजनाची मर्यादा एकटी येऊन चालणार नाही, ती दराबरोबरच ठरली पाहिजे. त्यासाठी नवी यंत्रणा उभी करायचीही गरज नाही. साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना काही वर्षांनी एकदा समोरासमोर बसून दराचा करार करतातच. जानेवारी २०२४ मध्ये तो झाला तेव्हा बातम्या आल्या त्या ३४ टक्के दरवाढीच्या आणि मुकादमाच्या कमिशनच्या. पुढच्या करारात मोळीचं कमाल वजन, ट्रॉलीच्या फळीची उंची, गरोदर बाईला भरणीच्या कामातून सूट आणि या तिन्ही गोष्टी धरून वाढवलेला टनाचा दर, अशी चार कलमं एकत्र लिहून घ्यावीत. आणि त्या बैठकीला अस्थिरोगतज्ज्ञांनाही बोलवावं, कारण फडातून उठून त्यांच्या दवाखान्यात येणारी पाठ त्यांनी रोज तपासलेली असते.